इंजिन आलं, मीटर तिकडेच राहिला

किलोमीटर मोजणारा मीटर डॅशबोर्डात असतो, इंजिनात नसतो. गोष्ट इतकी उघड आहे की जुनं इंजिन विकत घ्यायला निघालेल्या माणसाच्या ती हमखास ध्यानात येत नाही. बोल्ट सोडवून, चेन ब्लॉकला टांगून इंजिन एका गाडीतून बाहेर येतं. ते किती पळालं याचा एकुलता एक साक्षीदार मात्र तिकडेच, चेपलेल्या पत्र्यात राहतो. तरीही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा विक्रेता ब्लॉकवरची काजळी अंगठ्यानं पुसत छातीठोकपणे सांगतो, "सेठ, चालीस हजार चला है बस." चाळीसच का? तर वीस सांगितलं तर गिऱ्हाईक हसेल आणि ऐंशी सांगितलं तर भाव पाडून मागेल. शिवाय ती गाडी कायम एखाद्या डॉक्टरची असते आणि कायम मागूनच ठोकलेली असते. पुढून ठोकली म्हणावं तर इंजिन पुढेच असतं, हे दोन्ही पक्षांना माहीत आहे.

गिऱ्हाईक हे सगळं ऐकून घेतं, मान डोलावतं आणि पैसे मोजतं. हाच गृहस्थ पुढे दुकानात सिंथेटिक ऑइलचा डबा हातात घेऊन उभा राहतो. डब्यावर ग्रेड छापलेली आहे, बॅच नंबर आहे, डबा भरल्याचा महिना आहे, कंपनीचा पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबरसुद्धा आहे. तो डबा दोनदा उलटापालटा करतो, फळीवर परत ठेवतो आणि म्हणतो, "जुन्या इंजिनाला हे चालेल का पण? नको, उगाच रिस्क नको."

इंजिन बदलायची पाळी येते तीही बहुधा अशाच हिशेबानं. घाटात काटा लाल पट्ट्यात गेलेला दिसत असतो, पण "वर हॉटेल आहे, तिथंच थांबू" असं ठरतं आणि चहा होईपर्यंत हेड वाकलेलं असतं. टायमिंग बेल्ट बदलायचा खर्च पुढच्या महिन्यावर ढकलला जातो आणि त्या एका महिन्यात बेल्ट स्वतःच निर्णय घेऊन तुटतो. मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मुंबईनं यात पाण्याची भर घातली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि गाड्या छतापर्यंत बुडाल्या. अशी बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर चालू होते का, हे पाहण्याचा मोह कुणालाही होतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टनला वर जायला जागा उरत नाही आणि बिचारा कनेक्टिंग रॉड वाकतो. तोवर जे इंजिन फक्त ओलं होतं, ते आता भंगार होतं.

मग फिटर दोन पर्याय देतो. एक, फुल इंजिन काम: बोअर मारायचं, ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, बेअरिंग, क्रँकला पॉलिश. खरं तर नीट केलेलं काम हा उत्तम मार्ग. पण त्यात लेथवाला येतो, आणि लेथवाला आला की तारीख जाते. फोन केला की उत्तर ठरलेलं: ब्लॉक लेथवर आहे. पुढच्या आठवड्यात ब्लॉक लेथवरच असतो, पण लेथवाला गावी गेलेला असतो. दुसरा पर्याय म्हणजे कुणाच्या तरी गाडीतलं चालू इंजिन आणून बसवायचं. "दोन दिवसांत गाडी हातात," फिटर म्हणतो. हे दोन दिवस पुढे कितीही लांबले तरी लेथवाल्यापेक्षा कमीच भरतात, म्हणून बहुतेक जण बाजाराची वाट धरतात.

बाजारांना तोटा नाही. दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मल्लिक बाजार. पुण्याचा मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि यात काही विचारण्यासारखं आहे असं पुणेकराला वाटत नाही. मेरठच्या सोतीगंजची कीर्ती सर्वांत मोठी होती. चोरीची गाडी तिथं गेली की तासाभरात तिची ओळख उरत नसे, असं म्हणत. २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी ती दुकानं बंद केली. कुर्ल्याचा मान वेगळा. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यातच होता. १०८९ सीसीच्या इंजिनाची पद्मिनी तिथून बाहेर पडली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी होऊन जन्मभर फिरली, आणि तिच्या कितीतरी बहिणी सुट्या होऊन विकल्या गेल्या त्याही कुर्ल्यातच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिनं रस्ता सोडला.

इथं एक कायद्याची गोष्ट सांगून टाकावी, कारण बाजारात ती कुणी सांगत नाही. आरसी बुकात इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२व्या कलमाप्रमाणे इंजिनाचा बदल आरटीओच्या मंजुरीनं करावा लागतो आणि नवा नंबर नोंदवून घ्यावा लागतो. त्यासाठी इंजिनाचं बिल लागतं. बिल मागितलं की मघाशी डॉक्टरांच्या गाडीचा सगळा इतिहास सांगणाऱ्या विक्रेत्याची स्मरणशक्ती एकाएकी क्षीण होते. चोरीच्या वाहनांची माहिती केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर इंजिन नंबर टाकून तपासता येते. हे काम पैसे देण्याआधी करायचं असतं. नंतर केलं तर ते पोलीसच आपल्याकडून करून घेतात.

इंजिन कुठलं घ्यावं हे अर्थात गाडीवर ठरतं, पण भारतात एका इंजिनानं हा प्रश्न बराच सोपा केला. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल मारुतीच्या स्विफ्टमध्ये होतं, डिझायरमध्ये होतं, टाटाच्या विस्टात, फियाटच्या पुंटोत, शेव्हर्लेच्या सेलमध्ये होतं. लोक त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणू लागले. पुण्याजवळ रांजणगावात ते बनायचं आणि तिकडे हरियाणात मानेसरलाही. बीएस-६ ची अट १ एप्रिल २०२० ला आली आणि त्याचा खेळ संपला. कंपनीत नवं मिळत नाही आणि रस्त्यावर गाड्या मात्र लाखोंनी, त्यामुळे जुन्या मल्टिजेटला बाजारात हल्ली भलताच मान आहे. दिसायला ब्लॉक तोच, पण टर्बो, सेन्सर आणि कॉम्प्युटर प्रत्येक कंपनीचा निराळा. "सेम टू सेम है" यावर विसंबून पुंटोचं इंजिन डिझायरमध्ये उतरवणाऱ्याला हा फरक वायरिंगच्या वेळी कळतो.

दुकानात इंजिन चालू करून दाखवतात. जमिनीवर टायरमध्ये बसवलेलं इंजिन, शेजारी बॅटरी, आणि वर खिळ्याला सलाईनसारखी टांगलेली पेट्रोलची बाटली. ते धडधडतं, टायरसकट पुढे सरकतं, गिऱ्हाईक चार पावलं मागे सरतं आणि सौदा तिथंच पक्का होतो. खरं तर तिथं कॉम्प्रेशन गेज लावायला सांगावं. चारही सिलिंडरमधला फरक साधारण दहा टक्क्यांच्या आत असला की बरं. ऑइलचं झाकण उघडून चालू इंजिनाचा श्वास पाहावा; भसाभस धूर येत असेल तर रिंगा गेल्या. झाकणाखाली दुधाळ चिकटा असेल तर ऑइलमध्ये पाणी आहे. हे सगळं पाहणारं गिऱ्हाईक विक्रेत्याला आवडत नाही. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो, तेव्हा आपण बरोबर जागी बोट ठेवलं असं समजावं.

इंजिन गॅरेजमध्ये येऊन पडलं की खरी संधी असते, आणि ती जेमतेम एक दिवस टिकते. क्रँकचं मागचं ऑइल सील ही रबराची साधी कडी. किंमत किरकोळ. पण इंजिन एकदा गाडीत बसलं की तिच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणजे बाहेर असताना चहा-वड्याच्या खर्चात भागेल एवढं काम आत गेल्यावर दोन दिवसांची मजुरी खातं. पुढचं सील, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, बेल्ट असेल तर बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, क्लच प्लेट, हे सगळं याच दिवशी बदलावं. ऑइलचं चेंबर खोलून तळाची जाळी धुवावी, कारण आधीच्या मालकानं ऑइल किती वेळा बदललं याचा पुरावा तिथंच साचलेला असतो. काळा, थुलथुलीत, बोटानं खरवडता येणारा. डॉक्टरांची गाडी असेल तर डॉक्टर ऑइल बदलायला विसरत होते, एवढं त्यावरून निश्चित सांगता येतं.

मालक मात्र त्या दिवशी "आत्ता चालतंय ना? मग राहू दे" म्हणतो.

पुढे सील गळतं. आणि इथंच सिंथेटिक ऑइलचा प्रवेश होतो, कारण गळतीचं खापर त्याच्यावर फोडायला सगळे तयारच असतात. बॉनेट उघडं दिसलं की सोसायटीतली चार माणसं जमतात. निवृत्त काका सांगतात, आमच्या फियाटला वीस-पन्नासशिवाय दुसरं काही पाजलं नाही. कुणाचा तरी मेहुणा कंपनीत असतो आणि त्याच्या म्हणण्यानुसार सिंथेटिक एकदा घातलं की परत साधं घालता येत नाही. फिटर पान्यानं पाठ खाजवत निकाल देतो, "साहेब, ह्या इंजिनाला जाडच ऑइल लागतंय. पातळ टाकलं की खालनं गळणार आन् नाव माझं जाणार."

यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, फक्त ते पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. सिंथेटिक मोटार ऑइल बाजारात आलं ते १९७० च्या दशकात. अल नावाचा एक अमेरिकी लढाऊ वैमानिक, आडनाव अमाटुझिओ. जेट विमानात जे तेल चालतं ते मोटारीत का नको, असं त्याला वाटलं आणि १९७२ मध्ये त्यानं अ‍ॅमसॉइल आणलं. पाठोपाठ मोबिल वन आलं. त्या काळच्या काही सिंथेटिक तेलांनी रबरी सीलं आकसत, आणि आकसलेलं सील गळतं. पुढे मिश्रणात बदल झाले, रबर बदललं, आता ऑइलला सीलवरच्या चाचण्या पार कराव्या लागतात. बातमी मात्र १९७० च्या दशकातच निघाली आणि आपल्या गॅरेजपर्यंत आत्ता कुठं पोचली.

दुसरं तथ्य जास्त गमतीचं आहे. सिंथेटिक ऑइल जुना गाळ हळूहळू धुऊन काढतं. एखाद्या जुन्या इंजिनात सील कधीच फाटलेलं असतं आणि त्या फटीत गाळ बसून गळती थांबलेली असते. तो गाळ निघाला की तेल टपकायला लागतं. म्हणजे ऑइलनं सील फाडलं नाही, फाटलेलं उघड केलं. आपल्याकडे उघड करणाऱ्यालाच आधी जबाबदार धरायची पद्धत आहे, त्याला ऑइल तरी काय करणार?

'पातळ'ची तक्रार तर निव्वळ डोळ्यांची आहे. ५डब्ल्यू-४० मधला ४० हा आकडा १०० अंश सेल्सियसला तेल किती दाट राहतं ते सांगतो. तिथं साधं १५डब्ल्यू-४० आणि सिंथेटिक ५डब्ल्यू-४० एकाच पट्ट्यात बसतात. फरक आधीच्या आकड्यात. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. १५डब्ल्यूची चाचणी उणे २० अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर. हे ऐकून नागपूरचा माणूस मे महिन्यात जे हसतो ते योग्यच आहे. पण पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळीसुद्धा कार्यरत तापमानाच्या मानानं इंजिन थंडगारच असतं, आणि चावी फिरवल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत तेल वर कॅमपर्यंत लवकर पोचावं लागतं. झीज त्या सेकंदांत मोठी होते. टर्बोवाल्या डिझेलला तर याचं मोल विशेष: टर्बोचं चाक मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेऱ्या मारतं, तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. मल्टिजेटची टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलच्या दाबावरच चालतो. जाड आणि जुनं ऑइल घालून त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा ठेवणं बरं नव्हे.

इंजिनाच्या पोटात काय घालावं याचे वाद पूर्वीपासून आहेत. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांच्या गोल फिरणाऱ्या इंजिनांना चक्क एरंडेल लागायचं, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. इंजिन ते जाळत नसे, बाहेर भिरकावत असे, आणि मागे उघड्यावर बसलेल्या वैमानिकाच्या नाकातोंडात ते तासन् तास जाई. त्याचा परिणाम काय होत असेल, हे लहानपणी रविवारी सकाळी आजीच्या हातून चमचाभर घेतलेल्या कुणालाही सांगायला नको. शत्रू समोर, जमीन खाली, आणि पोटात ही गडबड. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या पोरांपुढे पाच-तीस की पंधरा-चाळीस ही चिंता अगदीच सुखवस्तू वाटते.

आणि सिंथेटिक म्हणजे तरी काय, यावर खुद्द कंपन्याच भांडल्या आहेत. खरं सिंथेटिक प्रयोगशाळेत रेणू जोडून बनतं, असा एक पक्ष. जमिनीतून काढलेलंच तेल हायड्रोजनच्या दाबाखाली इतकं बदलायचं की त्याला पूर्वीचा जन्म आठवू नये, असा दुसरा. अमेरिकेत मोबिलनं कॅस्ट्रॉलविरुद्ध जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या मंडळाकडे तक्रार केली आणि १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूनं लागला: दुसऱ्या प्रकारालाही सिंथेटिक म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून अनेक 'फुल सिंथेटिक' डब्यांतलं तेल मुळात खनिजच असतं. ते वाईट नसतं, उलट चांगलंच असतं. पण 'सिंथेटिक आणि साधं एकमेकांत मिसळलं तर इंजिन बसेल' असंही सांगणाऱ्या त्या मेहुण्याला 'सेमी सिंथेटिक' हा डबा कशाचा बनतो, हे एकदा जरूर विचारावं.

अनोळखी इंजिनासाठी शहाणपणाचा क्रम साधा आहे. बसवल्यावर आधी योग्य ग्रेडचं साधं, स्वस्त ऑइल आणि नवा फिल्टर. हजारेक किलोमीटरनंतर दोन्ही बदलायचे; निघालेलं तेल पांढऱ्या भांड्यात ओतून त्यात चकाकणारी भुकटी आहे का ते बघायचं. चकाकलं तर बेअरिंगची खबर आली, डबा दुकानातच राहू द्या. स्वच्छ निघालं आणि कुठं गळत नसलं तर खुशाल सिंथेटिक भरा. ज्या इंजिनाला हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल प्यायची सवय आहे, त्याला मात्र महागडं पाजण्यात अर्थ नाही. ते निळा धूरच सोडणार, फक्त जास्त किमतीचा. आणि "आधी डिझेल टाकून पाच मिनिटं चालवतो, आतून काचेसारखं साफ होतं" ही फिटरची सूचना हात जोडून नाकारावी. डिझेलनं सुटलेला गाळ बाहेर येत नाही, खालच्या जाळीत जाऊन बसतो, आणि मग ऑइल वर चढत नाही.

पुढची सेवा कंटाळवाणी आहे, म्हणूनच ती कुणी करत नाही. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक पुसून पाहायची. इथं बहुतेक पुरुष एक विधी करतात: थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळायचा, हुंगायचा, आकाशाकडे बघायचं आणि "काळं पडलंय" म्हणायचं. डिझेल इंजिनात घातलेलं नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. बोटाच्या टोकानं ऑइलचं आयुष्य ओळखण्याची विद्या जगात कुणालाच अवगत नाही, पण आपल्याकडे ती प्रत्येक इमारतीत किमान दोघांना येते. कंपनी म्हणते ते, म्हणजे बऱ्याच गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं आधी येईल ते पाळावं. 'सिंथेटिक आहे, वीस हजार चालतंय' हे जुन्या इंजिनाला लागू नाही.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर अर्व्ह गॉर्डन नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी १९६६ मध्ये व्होल्वोची एक लाल गाडी नवी घेतली आणि २०१३ मध्ये तिच्यावर ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पुरे केले. गिनीजवाल्यांनी नोंद घेतली. लोक त्यांना रहस्य विचारत, आणि मास्तर सांगत की ते गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचतात आणि त्याप्रमाणे ऑइल बदलतात. विचारणाऱ्यांचा फार विरस होत असणार. आपल्याकडे ते पुस्तक ग्लव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत असतं, आणि गाडी विकताना "बघा, बुकसुद्धा कोरं आहे" म्हणून दाखवलं जातं.

ऑइल बदललं की शेवटी दोन वस्तू उरतात. डबा साडेतीन लिटरचा आणि इंजिनात मावतं तीन-सव्वातीन, त्यामुळे उरलेलं तेल घरच्या बाल्कनीत मुक्कामाला येतं आणि सोसायटीच्या फाटकापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांच्या बिजागऱ्या तपासत फिरतं. जळकं ऑइल मात्र गॅरेजमध्येच राहतं. कायद्यानं तो घातक कचरा, नोंदणी असलेल्या पुनर्वापरवाल्यालाच द्यायचा. प्रत्यक्षात बांधकामाच्या फळ्यांना लावायला नाहीतर वाळवी लागलेल्या वाशांना फासायला कुणीतरी कॅन घेऊन उभा असतो. रिकामा डबा तेवढा मालकानं मागून घ्यावा आणि पेचकसानं भोसकावा, कारण अखंड डबा भंगारवाल्यामार्फत पुन्हा भरून बाजारात येऊ शकतो. फिटरला ते आवडत नाही. "चांगला डबा होता की, साहेब," तो म्हणतो, आणि भोकाकडे बघत विचारतो, "झाकण तरी देता का?"